‘आई, तुझं तिथं जमणार नाही’



मागच्या अष्टमीला कारंज्याला दर्शनाला गेले होते. पूजा आटोपल्यावर आम्ही चार-पाच जणी ओट्यावर टेकलो. त्यातल्या एक काकू, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, सहज बोलून गेल्या, ‘‘पोरं, सुना, नातवंडं सगळे स्वित्झर्लंडला चालले. मी नाही जात. मुलगा म्हणाला, आई, तुझं तिथं जमणार नाही. खरंच आहे त्याचं.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीनं वर कौतुकही केलं, ‘‘काकू नियमाच्या पक्क्या आहेत.’’ मान मीही डोलावली.

धनजला घरी येईपर्यंत ती डोलावलेली मान मला टोचत राहिली. कारण आदल्याच रविवारी माझ्या मुलानं फोनवर हेच वाक्य मला ऐकवलं होतं, अगदी याच शब्दांत आणि तितक्याच मायेनं. आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. ते मुलांच्या तोंडी असो नाहीतर आपल्या स्वतःच्या.

आधी आमच्या घरचं सांगते. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. दोघांनी मिळून ठरवलं की येत्या जूनमध्ये दोन्ही घरांनी नॉर्वेला जायचं, नऊ जणांची गाडी भाड्यानं घ्यायची आणि स्वतः चालवत देश पाहायचा. शाळा उघडायच्या आत आणि चातुर्मास लागायच्या आत परत. मुलानं एक शीट तयार करून घरच्या ग्रुपवर टाकली. बारा दिवस. ओस्लोला उतरायचं, तिथून बर्गन, गेइरांगर, ट्रॉन्डहाइम, लोफोटेनची बेटं, ट्रोम्सो आणि अगदी वरच्या टोकाला नॉर्थ केप. नुसतं ओस्लो ते नॉर्थ केप हेच दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. रकाने होते तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, हॉटेल, बघायची ठिकाणं, खर्च. शेवटचा रकाना ‘शेरा’. आणि शेऱ्यात पहिल्याच ओळीला लिहिलं होतं: ‘आई – जेवणाचं बघावं लागेल.’

मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. आहे, अमरावती विद्यापीठ व्हायच्या आधीची. डिग्री कपाटात राहिली, पण वही वाचायची सवय गेली नाही. शेऱ्यात काय जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्याचं खातं उघडायची कोणाची इच्छा नसते, ते शेऱ्यात जातं.

फोन केला तर चिरंजीव म्हणाले, ‘‘आई, रागावू नको. पण रात्री खात नाहीस, कांदा-लसूण-बटाटा नाही, बाहेरचं नाही, पाणी गाळून. तिथं तुझं जमणार नाही. तू आणि बाबा आपले हिवाळ्यात शिखरजीला जा, मी एसीचं तिकीट काढून देतो.’’ शिखरजीला मी जाईनच. पण शिखरजी हे काही मला गप्प बसवण्याचं बक्षीस नव्हे.

आता माझ्या सासूबाईंची यात्रा सांगते. त्या नव्या लग्नाच्या असताना इथून शिखरजीला गेल्या होत्या. बडनेऱ्याहून रेल्वेनं, पुढे मिळेल त्या वाहनानं, वीस-बावीस माणसं. सोबत शेगडी, पितळी भांडी, गाळणं, अख्खे मूग, तांदूळ आणि लहानसं जातं. जातं! दोन माणसांनी उचलायचं. त्यांच्या आधीच्या पिढ्या बैलगाड्यांनी जायच्या. संघ नेणाऱ्याला संघपती म्हणत, संघवी हे आडनाव त्यातूनच आलं. संघपतीची मोठी जबाबदारी कोणती, तर दिवस मावळायच्या आत अशा ठिकाणी पोहोचायचं, जिथं विहीर आहे, चूल मांडायला जागा आहे आणि सगळ्यांचं जेवण उजेडात होईल. किती कोस जायचं हे त्यावरून ठरायचं. आधी मुक्काम आणि जेवणाची वेळ, मग अंतर. ‘सासूबाईंचं जमणार नाही’ असं त्या संघात कोणी म्हणालं नाही, कारण नियम एकट्या सासूबाईंचा नव्हता.

माझ्या मुलानं नेमकं उलटं केलं होतं. आधी अंतर लिहिलं, मग ठिकाणं, मग हॉटेलं, आणि उरलेल्या फटीत आईचं जेवण. त्या फटीत ते बसेना, तेव्हा निष्कर्ष काय निघाला? आई बसत नाही.

मैत्रिणींनो, मुलांना एवढं बोलले तर आपल्यालाही बोललं पाहिजे. आपल्यातल्या ज्या जातात, त्या कशा जातात? महिनाभर आधीपासून खाकरे, पुऱ्या, चिवडा, शेव, लाडू, भाजणी यांचा कारखाना. बॅगा वजनकाट्यावर. एका माणसामागे दोन किलो खाकरे. मग तिथं गेल्यावर ती बाई हॉटेलच्या खोलीत किटलीवर उपमा भिजवते आणि बाकीचे डोंगर बघून येतात. परत आल्यावर आपण मंडळात सांगतो, ‘‘बाहेरचं एक कणही खाल्लं नाही बाई.’’ आणि सगळ्या जणी वा वा करतो.

जरा थांबा. पिठाची मर्यादा आपल्याला कोणी शिकवली? पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. पाण्याचा हात लागलेल्या पदार्थाची त्याहूनही कमी. मग महिन्यापूर्वीचा खाकरा बाराव्या दिवशी बर्गनला खाताना कोणता नियम पाळला आपण? मी कोणाला पापी ठरवत नाही, मीही खाल्लेत, इंदूरच्या लग्नाला जातानाही पिशवीभर नेलेत. पण त्याला सोय म्हणू या. धर्म म्हणू नका. तो वजनदार डबा आपल्याला धर्माचा पुरावा वाटतो आणि घरच्यांना अडचणीचा. नियम पाळण्याची सासूबाईंची रीत खरं म्हणजे हलकी होती: अख्खं धान्य न्या, ताजं शिजवा, उजेडात खा. आज जातंही न्यायला नको. ओस्लोच्या ग्रोनलँड भागात आपल्याकडच्या डाळी-तांदूळ मिळणारी दुकानं आहेत. मुगाची खिचडी हा जगातला सर्वांत प्रवासी पदार्थ आहे, आणि आपण तिला आजाऱ्याचं जेवण करून ठेवलं आहे.

शिवाय दूध-दुधाचे पदार्थ आपल्याकडून नॉर्वेत नेताच येत नाहीत. म्हणजे तुपाचा डबा आणि पेढे घरीच राहणार. लोणी तिथं उत्तम मिळतं, कढवून घ्यावं.

मग मी वही घेऊन बसले. जमा आणि नावे. नॉर्वेत बाहेर एका साध्या ताटाला, क्रोनर आठ-नऊ रुपयांच्या घरात धरला, तर दोन हजारांच्या खाली काही मिळत नाही. आम्ही आठ जण. एका वेळेला १६,०००. दोन वेळा, दहा दिवस: ३,२०,००० रुपये. घरी शिजवलं तर किराणा-भाजी धरून त्याच्या पाव हिश्श्यात भागावं. ही रक्कम मी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘आईच्या नियमामुळे होणारी बचत.’ जावई गमतीशीर आहेत, त्यांनी लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पण वहीला दुसरी बाजू असते. शिजवणार कोण? माझ्या नावे पडणार असेल, तर ती बचत नव्हे, ती माझी फुकट मजुरी. चार भिंतीतला स्वयंपाक हजारो किलोमीटरवर नेऊन करायचा आणि त्याला सहल म्हणायचं हे मला मान्य नाही. सूनबाई वर्षभर नोकरी करते, मुलगीही करते. म्हणून शीटमध्ये मी दोन नवे रकाने घातले. एक ‘शेवटचं जेवण किती वाजता’, दुसरा ‘आज स्वयंपाक कोणाकडे’. दुसऱ्यात पहिल्या दिवशी मुलाचं नाव, दुसऱ्या दिवशी जावयांचं, तिसऱ्या दिवशी ह्यांचं. हे एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि आजवर चहापलीकडे गेलेले नाहीत. म्हणाले, ‘‘मला काहून ओढता यात?’’ मी म्हटलं, तांदूळ धुता येतात ना, मग झालं. कुकर शिट्ट्या स्वतः वाजवतो.

आता सूर्याचा प्रश्न. यावर गेले तीन आठवडे घरात आणि मंडळात जेवढी चर्चा झाली, तेवढी निवडणुकीवर झाली नसेल.

नातू दहावीत आहे. तो म्हणाला, ‘‘आजी, ट्रोम्सोला वीस मेच्या सुमारापासून बावीस जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. म्हणजे रात्रच नाही. म्हणजे तू रात्री बारालाही जेवू शकतेस. तुझा प्रॉब्लेम सॉल्व्ह.’’ उलट मंदिरातल्या एक ताई म्हणाल्या, ‘‘ज्या देशात दिवस-रात्रीचा ठिकाणा नाही, तिथं श्रावकानं जावंच कशाला?’’ दोघांचीही भाबडी सरळ बुद्धी, आणि दोघंही माझ्या मते चुकतात.

नातवाला मी विचारलं, सूर्य आहे म्हणून खायचं, तर सूर्य नसेल तेव्हा? त्याच ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. मग दीड महिना उपास का? तो गप्प झाला. सोयीचं तेवढं गणित धरायचं आणि उलट बाजू आली की वही मिटायची, ही हुशारी मोठी माणसंही करतात.

रात्रिभोजन त्यागात जीवहिंसा टाळणं हे आहेच. दिव्याच्या उजेडावर येणारे किडे, अन्नात पडणारे जीव हे आपण लहानपणापासून ऐकलं. पण अमृतचंद्राचार्यांचा ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल, तिथं हिंसेच्या जोडीला रागभावाचाही विचार आहे, खाण्यावरच्या आसक्तीचा. दिवसभर खाऊन रात्रीही हात न थांबणं, हा मुद्दा आहे. सूर्य ही आपल्याला आखून मिळालेली रेघ. रेघ पुसट झाली म्हणून थांबायची गरज संपत नाही. उलट तिथं रेघ आपणच ओढायची.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. आपल्याकडे जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथल्या घड्याळात सायंकाळी साडेसहाला माझं जेवण-पाणी बंद होणार, बाहेर भर दुपारसारखं ऊन असलं तरी. पश्चिमेकडच्या खाड्यांच्या भागात जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या आसपास मावळतो आणि पहाटे चारला पुन्हा हजर होतो. अकरापर्यंत खायला परवानगी मिळाली म्हणून मी काय साडेचार तास जास्त खाऊ? हा माझा निर्णय आहे. तुम्ही तुमच्या गुरूंना, त्यागी-व्रतींना विचारून तुमचा घ्या. डिसेंबरात हिरवे-जांभळे उत्तर ध्रुवीय प्रकाश बघायला मात्र मी जाणार नाही. तिथं माझं खरोखरच जमणार नाही. बघा, हे वाक्य मला वर्ज्य नाही. ते मी म्हणायचं आहे, एवढंच.

आणि न मावळणाऱ्या सूर्याची दुसरी बाजू शीटमध्ये मला सापडली. सातव्या दिवशी लिहिलं होतं: ‘रात्री ८ ते १२ ड्राइव्ह (उजेड असतो).’ मुलाचं गणित समृद्धी महामार्गाचं. नागपूर–मुंबई ७०१ किलोमीटर, ताशी १२०, सात-आठ तासांत पार. नॉर्वेत बहुतेक रस्त्यांना ताशी ८० ची मर्यादा, एकपदरी वळणं, मध्ये खाडी आली की गाडीसकट फेरी बोटीत चढायचं आणि उतरायचं. साडेतीनशे किलोमीटरला अख्खा दिवस जातो. ज्यांनी आमची शकुंतला रेल्वे पाहिली आहे, त्यांना हा वेग कळेल. मूर्तिजापूरहून निघालेली ती गाडी कारंजा, दारव्हा करत यवतमाळला पोहोचायची तेव्हा ११३ किलोमीटरमध्ये माणसाचा स्वभाव बदललेला असायचा. उन्हाळ्यात तिथं मेंढ्या मोकळ्या सोडतात, त्या रस्त्यावर येऊन बसतात. उजेड असला तरी चालवणाऱ्याच्या डोळ्यांना रात्र कळते. थकलेला माणूस चाकावर आणि रस्त्यावर मुका जीव. बाहेर ऊन आहे हे कारण तिथं पुरणार नाही. तो ड्राइव्ह मी खोडला. मुलाला हा खोडलेला एकच भाग लगेच पटला, कारण सूनबाईनं त्याच्याकडे फक्त बघितलं.

इथून मला दिग्व्रत आठवलं. अणुव्रतांच्या पुढची तीन गुणव्रतं आपण पाठ म्हणतो: दिग्व्रत, देशव्रत, अनर्थदंडव्रत. दिशांची मर्यादा ठरवायची, अमुकच्या पलीकडे जाणार नाही. मला वाटायचं, ही जुन्या काळच्या व्यापाऱ्यांसाठी असावीत. पण बारा दिवसांत अख्खा देश उभा पिंजून काढायची ती शीट बघितली आणि पहिल्यांदा कळलं, व्रत कशावर औषध आहे ते. शेजाऱ्यांनी पाच देश केले, मग आपण सहा. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, वीस फोटो. कपाटात साड्या भरतो तशी ठिकाणं भरायची. हा परिग्रहच, फक्त कुलूप लावता येत नाही असा.

म्हणून मी मर्यादा आखली. उत्तरेला ऑन्डाल्सनेसच्या वर नाही. नऊ हॉटेलांऐवजी दोन मुक्काम, दोन्हीकडे स्वयंपाकघर असलेली लाकडी कॅबिन. पाच रात्री लार्डालच्या बाजूला, सोग्नेफ्योर्डच्या काठी. दोनशे किलोमीटरहून लांब आत शिरलेली ती समुद्राची खाडी दोन्ही बाजूंनी उभे डोंगर घेऊन आहे. तिथून बोरगुंडचं आठशे वर्षांपूर्वीचं लाकडी चर्च जवळ. फ्लॉमची डोंगरातून चढणारी रेल्वे जवळ. आणि लार्डालचा बोगदा, साडेचोवीस किलोमीटर लांब, २००० साली सुरू झालेला, रस्त्याच्या बोगद्यांमध्ये जगात सर्वांत लांब. चालकाला गुंगी येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी निळ्या प्रकाशाच्या गुहा केल्या आहेत. वीस मिनिटं जातात पार व्हायला. णमोकाराची एक माळ होईल आरामात.

मग चार रात्री ऑन्डाल्सनेसला. ट्रोलस्टिगेनचा घाट तिथून अगदी जवळ, ११ वळणं, १९३६ सालचा. हिवाळ्यात बंद असतो, दरडींमुळेही कधी बंद ठेवतात, म्हणून तो ‘मिळाला तर’ या रकान्यात. चिखलदऱ्याला ज्यांना मळमळतं त्यांनी आलेपाक विसरा, आलं आपल्याला नाहीच. लिंबू-मीठ ठेवा. शेवटची रात्र ओस्लोला. रोज चार तासांच्या वर गाडी नाही, साडेपाचला कॅबिनवर. सकाळी सामायिकाची ४८ मिनिटं माझी, त्या वेळात ‘आई, चल ना लवकर’ नाही. दुपारचं जेवण डब्यातून. रस्त्याच्या कडेला बाकं-टेबलं असलेल्या विसाव्याच्या जागा तिथं भरपूर आहेत, फुकट, स्वच्छ, समोर धबधबा. शनिवारी आठवड्याची भाजी घ्यायची, कारण रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात.

सूनबाईनं शब्दांची चिठ्ठी केली आहे. पोतेत म्हणजे बटाटा, गुलरोत म्हणजे गाजर. पोतेतमेल म्हणजे बटाट्याचं सत्त्व, आणि ते कशाकशात असतं हे वाचून मी थक्क झाले. ‘लेफ्से’ म्हणून आपल्या पोळीसारखी दिसणारी पातळ भाकरी मिळते, तिच्या काही प्रकारांत बटाटा असतो. फसू नका. फ्लातब्रोड ही दुसरी, पीठ-पाणी-मिठाची कोरडी भाकरी. पूर्वी तिथल्या बायका ती एकदम खूपशी भाजून महिनोन्‌महिने रचून ठेवायच्या. वाचून हसू आलं. म्हणजे खाकऱ्याचा कारखाना तिथंही होताच.

‘‘पण तिथं जिकडेतिकडे मासे,’’ असं एकीनं म्हटलं. खरं आहे. लोफोटेनला तर रस्त्याच्या कडेला लाकडी मांडवांवर कॉड वाळत घालतात. मग मुंबईला आपण मुलीकडे जातो तेव्हा वर्सोव्याला बोंबील वाळत नसतात? तिथं आपण नाकाला पदर लावतो आणि पुढे जातो. नियम माझ्या ताटाचा आहे. दुसऱ्याच्या अंगणात काय वाळतं यावर तो मोडत नाही.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आत्मारामजी महाराजांना, म्हणजे आचार्य विजयानंदसूरींना आलं होतं. साधूंना समुद्र ओलांडून जाता येत नाही, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधींना पाठवलं. ते श्वेतांबर, आपली परंपरा वेगळी, पण अभिमान दोघांचा. एकोणतीस वर्षांचा तो गृहस्थ बोटीनं गेला, तिथं शाकाहारी राहिला, जैन धर्म काय हे जगाला सांगून आला. आणि परत आल्यावर आपल्याच लोकांनी समुद्र ओलांडला म्हणून त्याच्यावर आरडाओरड केली. साधूंचा नियम वेगळा, गृहस्थाचा वेगळा, हे तेव्हा आचार्यांना कळत होतं, समाजाला कळत नव्हतं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आता समाज मुलाला जाऊ देतो, सुनेला जाऊ देतो, फक्त आईपाशी येऊन त्याला समुद्र आठवतो.

एक आक्षेप मात्र मला लागला, तो लपवत नाही. मंडळातल्या एका तरुण मुलीनं विचारला, ‘‘काकू, नुसत्या मौजेसाठी एवढं विमान, एवढं पेट्रोल, हा अनर्थदंड नाही का?’’ काम नसताना होणारी हिंसा. तिच्यापुढे माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. मी म्हटलं, म्हणूनच किलोमीटर निम्म्यावर आणले. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही पुरतं झालेलं नाही. पण हा आक्षेप आठही जणांना लागू आहे. तो घेऊन सगळ्यांनीच घरी बसायचं असेल तर मी आनंदानं बसेन. आईनं एकटीनं घरी बसून बाकी सात जणांचा अनर्थदंड कमी होत नाही.

नवी शीट मी पंधरा दिवसांपूर्वी पाठवली. आधी ग्रुपवर दोन दिवस सामसूम. मग मुलीनं लिहिलं, ‘आई, हे आधीच्यापेक्षा बरं आहे गं, पोरांनाही झेपेल.’ सूनबाईनं आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढायला अर्ज केला, म्हणजे चालवणारे तीन झाले. ‘शेरा’ हा रकाना कोणीतरी गुपचूप काढून टाकला आहे. कोणी ते विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. काल ह्यांनी कुकरला आठ जणांच्या खिचडीला पाणी किती, असं विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. तांदूळ अजून निवडता येत नाहीत, पण जूनला अवकाश आहे.

मंदिरातल्या काकूंनाही मी फोन केला होता. स्वित्झर्लंडची तिकिटं अजून काढायची आहेत म्हणाल्या. शीट कशी करतात ते विचारलं. परवा त्यांच्या नातीला घेऊन येणार आहेत.

आता राहिला एकच घोळ, आणि तो माझाच आहे. मुलानं परवा वेगळा निरोप पाठवला, एकटीला: ‘आई, शेवटी ओस्लोहून बोडोला विमानानं दोन रात्री जाऊन येऊ शकतो. दीड तास. चार जूनपासून तिथं सूर्य मावळत नाही. तू म्हणशील तर.’ बोडो माझ्या आखलेल्या रेघेच्या पुष्कळ वर आहे. दिग्व्रताच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी म्हणून एक सांगितला आहे, ठरवलेली मर्यादा लोभानं वाढवत नेणं. हे मी अठ्ठावीस वर्षं पाठशाळेत मुलांना शिकवलं आहे. आणि मला तो सूर्य बघायचा आहे. साडेसहाला जेवून, पाणी बंद करून, शाल पांघरून रात्री बारा वाजता बाकावर बसायचं आणि तो खाली येऊन समुद्राला न टेकता परत वर चढताना बघायचा. मुलाला अजून काही कळवलेलं नाही. चतुर्दशीला कारंज्याला जाईन तेव्हा ओट्यावर विषय काढीन म्हणते.